शेजाऱ्याचा आवाज आणि नगरसभेचा अधिकार

संध्याकाळची वेळ. घरातील मंडळी दूरचित्रवाणीसमोर बातम्या ऐकत बसलेली असावीत आणि निवेदकाच्या तोंडून एकाएकी भलत्याच कुणाचे संभाषण ऐकू यावे. चित्रावर आडव्या पट्ट्या नाचू लागाव्यात. दूरध्वनी उचलावा तर त्यातूनही तोच आवाज यावा. आणि रविवारी चर्चमध्ये जावे तर धर्मोपदेशाच्या ऐन मध्यावर ध्वनिवर्धकातून कुणीतरी पुढच्या रस्त्याची चौकशी करीत असावे. अमेरिकेतील कितीतरी लहान शहरांनी हा अनुभव विसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत घेतला. त्यात गूढ काही नव्हते. आवाज कुणाचा, हे साऱ्या गल्लीला ठाऊक असे. चौथ्या घराच्या छपरावर उभारलेली उंच एरिअल येताजाता सर्वांना दिसे. गूढ होते ते पुढेच. या आवाजाची तक्रार न्यायची कुठे? नगरसभेचा कारकून सांगे की, हा विषय आमचा नव्हे. पोलीस सांगत की, कुत्रे भुंकत असेल तर येऊ, वाद्ये वाजत असतील तर येऊ, रेडिओच्या लहरींना आमचा दंड चालत नाही.

विस्कॉन्सिन राज्यातील बेलॉइट हे असेच एक शहर. इलिनॉय राज्याच्या सीमेला लागून, रॉक नदीच्या काठी वसलेले. वस्ती छत्तीस-सदतीस हजारांच्या घरातली. तेथील रहिवाशांची गाऱ्हाणी त्या राज्याचे सिनेटर रस फाइनगोल्ड यांनी सिनेटपुढे नेली. प्रतिनिधिगृहात तशाच आशयाचे विधेयक मिशिगनचे व्हर्नन एलर्स यांनी मांडले. एलर्स हे राजकारणात येण्यापूर्वी भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते, हा योगायोगही ध्यानात ठेवण्याजोगा. २२ नोव्हेंबर २००० रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या स्वाक्षरीने या खटपटीचा कायदा झाला आणि सिटिझन्स बँड रेडिओच्या काही गैरवापरांना आळा घालण्याचा अधिकार राज्यांना व नगरसभांना मिळाला. सीबीची लाट केव्हाच ओसरल्यानंतर आलेला हा कायदा वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु नियम कोणी करावा हा एक प्रश्न आणि नियम मोडणाऱ्याच्या दारात कोणी जावे हा दुसरा, हे त्याने मान्य केले. तेवढे मान्य व्हायला अठरा वर्षे जावी लागली.

सीबी म्हणजे नागरिकांसाठी राखून ठेवलेला लहरींचा पट्टा. दुसऱ्या महायुद्धात बिनतारी यंत्रे हाताळलेल्या पिढीला घरगुती व धंद्याच्या कामासाठी थोड्या अंतरावर बोलता यावे, या हेतूने अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे केंद्रीय दळणवळण आयोगाने, युद्ध संपता संपता ही कल्पना पुढे आणली. तिला खरे रूप आले ते १९५८ साली. हौशी रेडिओचालकांकडे, ज्यांना सगळे जग ‘हॅम’ म्हणून ओळखते, तोवर असलेला २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा आयोगाने त्यांच्याकडून काढून घेतला आणि त्यात तेवीस वाहिन्या पाडून तो सामान्यांना खुला केला. हॅम होण्यासाठी परीक्षा द्यावी लागे. सीबीला परीक्षा नव्हती, अर्ज आणि शुल्क पुरे होते. शेतकरी, प्लंबर, लहान दुकानदार अशा लोकांनी पंधरा वर्षे हे साधन शांतपणे वापरले.

मग १९७३ चा तेलाचा पेच आला. पेट्रोल-डिझेलची टंचाई झाली आणि जानेवारी १९७४ मध्ये सबंध देशासाठी ताशी पंचावन्न मैलांची वेगमर्यादा ठरली. फेऱ्यांवर ज्यांचे पोट अवलंबून, त्या ट्रकचालकांना ही मर्यादा जाचू लागली. डिझेल कुठल्या पंपावर मिळते आणि पोलिसाची गाडी कुठल्या वळणावर दबा धरून आहे, या दोन्ही गोष्टी ते एकमेकांना सीबीवरून कळवू लागले. पोलिसाला त्यांनी नाव दिले ‘स्मोकी’. वणव्यापासून सावध करणाऱ्या सरकारी चित्रांतील अस्वलाच्या डोक्यावर जी टोपी असे, तशीच महामार्ग-पोलिसांचीही असे म्हणून. या सांकेतिक बोलीने देशाला भुरळ घातली. ‘कॉन्व्हॉय’ हे ट्रकवाल्यांचे गाणे १९७६ च्या आरंभी खपाच्या यादीत पहिले आले, चित्रपट निघाले, आणि राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनीही ‘फर्स्ट मामा’ असे टोपणनाव घेऊन सीबीवर बोलणे केले. परवान्याचे शुल्क वीस डॉलरांवरून चार डॉलरांवर आणि पुढे शून्यावर आले. अर्जांचे ढीग आयोगाला उपसवेनात. १ जानेवारी १९७७ पासून वाहिन्या तेवीसच्या चाळीस झाल्या. त्यांतील नववी संकटसमयासाठी राखीव आणि एकोणिसावी रूढीने ट्रकवाल्यांची.

आता हा आवाज शेजाऱ्याच्या दूरचित्रवाणीत शिरत कसा असे, हे पाहिले पाहिजे. कारण पुढचा सगळा कायदेशीर गुंता याच तपशिलावर उभा आहे. कुठलेही प्रक्षेपक यंत्र आपल्या नेमलेल्या कंपनसंख्येबरोबरच तिच्या दुपटीच्या, तिपटीच्या लहरीही थोड्याफार सोडते. सत्तावीसची दुप्पट चोपन्न. आणि अमेरिकेत दूरचित्रवाणीच्या दुसऱ्या क्रमांकाच्या वाहिनीची जागा होती चोपन्न ते साठ मेगाहर्ट्झ. तिप्पट केली तर एक्याऐंशी, म्हणजे पाचव्या वाहिनीचा प्रांत. यंत्र चांगले असेल आणि शक्ती मर्यादेत असेल तर या जादा लहरी नगण्य राहतात. सीबीची मर्यादा साध्या पद्धतीच्या प्रक्षेपणाला चार वॅट अशी होती व आहे. रात्री उशाशी लावायच्या दिव्याइतकीदेखील ती नव्हे. परंतु काही शौकिनांना चार वॅटवर समाधान नसे. ते यंत्राला शक्तिवर्धक जोडत आणि चाराचे शेकडो वॅट करीत. मग दूरध्वनीची तारच एरिअल होई, चर्चच्या ध्वनिवर्धकाची वायरही एरिअल होई, आणि ज्या यंत्रांचा रेडिओशी काही संबंध नाही तीही बोलू लागत. २४ ते ३५ मेगाहर्ट्झमध्ये चालणाऱ्या शक्तिवर्धकांची निर्मिती व विक्री आयोगाने १९७८ मध्ये बंद केली. बंदीनंतर ते दुकानाच्या दर्शनी फळीवरून खालच्या खणात गेले, एवढाच फरक पुष्कळ ठिकाणी पडला.

नियम असा होता आणि तो मोडला जात होता, यात वाद नाही. प्रश्न होता तो राबविणाऱ्या हाताचा. तो हात दुबळा का झाला, याचे उत्तर १९८२ च्या एकाच कायद्यात सापडते. दळणवळण कायद्याच्या त्या दुरुस्तीने दोन गोष्टी केल्या. सीबीसाठी व्यक्तिगत परवान्याची अट काढून टाकण्याची मोकळीक आयोगाला दिली, आणि आयोगाने १९८३ मध्ये ती अट काढलीही. लक्षावधी अर्जांखाली दबलेल्या कचेरीला हा सुटकेचा निःश्वास होता. परंतु परवाना हा नुसता कागद नसतो. तो रद्द होण्याची भीती हीच पुष्कळांना मर्यादेत ठेवते; आणि नाव-पत्ता कचेरीत नोंदलेला आहे, या जाणिवेने माणूस जरा जपून बोलतो. तो लगाम गेला. याच दुरुस्तीच्या वेळी दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीने अहवालात स्पष्ट नमूद केले की, रेडिओ-व्यत्ययाच्या बाबतीत अधिकार केवळ आयोगाचा. राज्यांच्या वा नगरांच्या कायद्यांनी त्यात हात घालू नये. एका हाताने परवाना काढून घेतला आणि दुसऱ्या हाताने नगरसभेचे दार लावले. हे दोन निर्णय स्वतंत्रपणे समर्थनीय असतीलही. एकत्र आल्यावर मात्र त्यांनी बेलॉइटच्या गृहस्थाला वाऱ्यावर सोडले.

न्यायालयांनीही हेच उचलून धरले. प्रक्षेपण-मनोऱ्यामुळे घरातील उपकरणे बिघडतात, हा शेजाऱ्याला होणारा उपद्रव आहे, असा दावा एका खटल्यात मांडला गेला. सहाव्या संघीय अपील न्यायालयाने १९९४ मध्ये निर्णय दिला की, अशा उपद्रवाचा न्याय राज्याच्या कायद्याने करता येत नाही. कॅन्सस राज्यातील जॉन्सन काउंटीने आपल्या पोलीस व अग्निशमन दलाच्या संदेशांत मोबाइलच्या मनोऱ्यांनी व्यत्यय आणू नये असा जमीनवापराचा नियम केला होता. दहाव्या अपील न्यायालयाने १९९९ मध्ये तोही रद्द ठरविला. ज्या नियमामागे आगीचा बंब वेळेवर पोचावा एवढीच इच्छा होती, तोही जिथे टिकला नाही, तिथे दूरचित्रवाणीवरील बातम्या नीट ऐकू याव्यात या इच्छेचा काय पाड?

तरीही न्यायालयांचा तर्क चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. गटाराला गावाची हद्द असते, लहरीला नसते. प्रत्येक गावाने आपल्यापुरती वॅटची मर्यादा आणि वाहिन्यांची वाटणी ठरवायची म्हटले तर न्यूयॉर्कहून निघालेल्या ट्रकचालकाला कॅलिफोर्नियाला पोचेपर्यंत हजार उपविधींची पोथी जवळ बाळगावी लागेल. आपल्या राज्यघटनेनेही टपाल, तार, दूरध्वनी, बिनतारी आणि नभोवाणी हे विषय संघसूचीच्या एकतिसाव्या नोंदीत ठेवले ते याच विचाराने. त्र्याहत्तराव्या-चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींना व नगरपालिकांना विषयांच्या लांबलचक याद्या मिळाल्या. त्यांत बिनतारी नाही, आणि नाही हेच योग्य. लहरींचे नियम एका ठिकाणीच झाले पाहिजेत.

पण नियम एका ठिकाणी झाला म्हणून पहारेकरीही एकाच ठिकाणचा हवा, हे कशावरून? सगळी गफलत झाली ती इथे. आयोगाकडे दूरदूरच्या शहरांत मोजकीच तपासणी-कार्यालये, त्यांत मोजकेच अभियंते; त्यांच्यापुढे विमानवाहतुकीच्या, पोलिसांच्या, जहाजांच्या संदेशांतील व्यत्ययाची कामे. १९९० च्या दशकात काटकसरीसाठी ही कार्यालयेही कमी झाली. अशा कचेरीला एका घरच्या दूरचित्रवाणीची कथा सर्वांत शेवटी आठवावी, हे क्रमप्राप्तच होते. तक्रारदाराला उत्तरादाखल एखादी माहितीपुस्तिका मिळे. त्याच गावात चौकीत बसलेल्या पोलिसाला मात्र ते घर, तो माणूस आणि ती वेळ, तिन्ही ठाऊक असत. हात पोचत असून उगारता येत नव्हता.

२००० च्या कायद्याने ही गाठ सोडविली, आणि सोडविताना दोरा तुटू दिला नाही. राज्याला वा नगराला स्वतःचे निर्बंध करण्याची मुभा त्याने दिली नाही. आयोगाच्या नियमाने जे आधीच निषिद्ध आहे, म्हणजे सीबी यंत्राचा अनधिकृत वापर आणि २४ ते ३५ मेगाहर्ट्झमध्ये त्या यंत्राने केलेले विनापरवाना प्रक्षेपण, तेवढ्यालाच निषिद्ध ठरविणारा उपविधी नगरसभेला करता येतो. ही मर्यादा २७ च्या पुष्कळ पुढेमागे का नेली? कारण यंत्रात फेरफार करून काही सीबीवाले हॅमांच्या २८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात घुसखोरी करीत. चाळीस वर्षांपूर्वी ज्यांचा पट्टा काढून सीबीला दिला, त्यांच्याच पुढच्या अंगणात ही मंडळी शिरली होती.

हॅमांच्या मनात मात्र या कायद्याविषयी आनंदापेक्षा धास्ती अधिक होती आणि ती अनाठायी नव्हती. ज्याची एरिअल सर्वांत उंच तोच गुन्हेगार, असा शेजाऱ्यांचा न्याय असतो. या एरिअलींवरून नगरसभांशी हॅमांचे खटके जुनेच; परवानाधारक हौशी चालकांच्या एरिअलींना वाजवी सवलत द्यावी असे आयोगाला १९८५ मध्ये नगरसभांना बजावावे लागले होते. परीक्षा देऊन, परवाना घेऊन, नियमानुसार बोलणाऱ्या माणसाच्या दारात उद्या पोलीस उभा राहील आणि त्याला सीबी कुठले व हॅम कुठले हे उमजणार नाही, ही त्यांची शंका होती. म्हणून कायद्यात तरतूद आली की, संबंधित प्रक्षेपणाचा आयोगाचा परवाना ज्याच्याकडे आहे त्याच्यावर या कलमाखाली कारवाई होणार नाही. आणि ही सूट प्रत्येक उपविधीत नमूद केलीच पाहिजे. सूट केंद्रीय कायद्यात आहेच, मग ती गावच्या उपविधीत पुन्हा लिहायला लावण्यात काय हशील, असे एखाद्या वकिलाला वाटेल. परंतु चौकीतील पोलीस केंद्रीय कायद्याचा खंड उघडून पाहत नाही. त्याच्या हातात गावचा उपविधी असतो. ज्याने हे वाक्य घातले त्याला कचेऱ्यांचा व्यवहार चांगला कळत होता.

दुसरी धास्ती ट्रकवाल्यांची. पंचावन्न मैलांची मर्यादा केंद्राने १९९५ मध्ये उठविली खरी. पण पोलीस आणि सीबी यांचे जुने वैर साऱ्यांच्या लक्षात होते. पोलिसाची चाहूल देणारे यंत्र तपासण्याचा अधिकार पोलिसालाच द्यायचा, म्हणजे त्याला वाटेल त्या ट्रकला हात दाखवून थांबविण्याचे निमित्त देणे झाले. म्हणून व्यापारी मालमोटारीतील सीबीवर कारवाई करावयाची तर नियमभंग झाल्याचे मानण्यास आधी सबळ कारण पाहिजे, अशी अट घातली गेली. गावच्या निर्णयाने ज्याचे नुकसान झाले त्याला, नगराने अधिकारकक्षा ओलांडली या मुद्द्यावर, तीस दिवसांत आयोगाकडे दाद मागता येते. आणि आयोगाने एकशे ऐंशी दिवसांच्या आत निकाल द्यायचा असतो. तक्रारदाराला वर्षानुवर्षे तिष्ठत ठेवणाऱ्या कचेरीला कायद्याने मुदतीची वेसण घातली, ही त्यातील सर्वांत सुखद गोष्ट. आयोगाचे मूळ अधिकार जसेच्या तसे राहिले. गावाने कारवाई केली तरी आयोगही त्याच प्रकरणात स्वतंत्रपणे करू शकतो.

कायद्याने हात आखडता घेतला तो एका जागी. नियमभंग ओळखायचा कसा, याचे तांत्रिक मार्गदर्शन आयोगाने राज्यांना व नगरांना करावे, असे तो म्हणतो. पण ‘शक्य असेल तितपत’ ही पुस्ती जोडून. चार वॅट आणि चारशे वॅट यांतला फरक कानाने कळत नाही. त्याला मोजण्याचे उपकरण हवे, ते हाताळणारा शिकलेला माणूस हवा, आणि न्यायालयात टिकेल असा पुरावा हवा. छत्तीस हजार वस्तीच्या शहराने हे सारे एका शेजाऱ्यासाठी उभे करावे काय? अधिकार कागदावर पोचतो. उपकरण पोचत नाही. विकेंद्रीकरणाच्या घोषणा ऐकून ज्यांचे कान किटले आहेत त्या आपल्याकडील वाचकाला हा अनुभव परका वाटू नये.

आपल्याकडे सीबी रेडिओचे वेड कधी आलेच नाही. २७ मेगाहर्ट्झच्या नागरी पट्ट्यात पाच वॅटपर्यंतची यंत्रे विनापरवाना वापरण्यास केंद्र सरकारने २००५ मध्ये मुभा दिली, तोवर खिशात मोबाइल आला होता. पण नियम दिल्लीचा आणि पहारा गावचा, ही रचना आपल्याला पूर्ण परिचयाची आहे. ध्वनिप्रदूषणाचे केंद्रीय नियम अमेरिकेतील त्या कायद्याच्याच वर्षी, २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ, निवासी भागाची मर्यादा, सारे केंद्राने ठरविले. राबविण्याची जबाबदारी मात्र जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त आणि उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्यावर आली. गणेशोत्सवात किंवा लग्नसराईत रात्री अकरा वाजता पोलीस ठाण्याला दूरध्वनी करणाऱ्या मध्यमवर्गीय गृहस्थाला निदान एवढे तरी ठाऊक असते की, तक्रार याच दारात करायची. ती ऐकली जाते की नाही, ध्वनिमापक यंत्र त्या ठाण्यात आहे की तालुक्याला गेले आहे, हा पुढचा भाग. बेलॉइटच्या गृहस्थाला २००० पर्यंत दारच नव्हते.

त्यानंतर काळ बराच पालटला आहे. जून २००९ मध्ये अमेरिकेतील मोठ्या दूरचित्रवाणी केंद्रांनी जुने प्रक्षेपण थांबवून अंकीय पद्धत स्वीकारली आणि चोपन्न मेगाहर्ट्झच्या त्या दुर्दैवी वाहिनीवर थोडीच केंद्रे उरली. पडद्यावरच्या पट्ट्या गेल्या. आयोगाने सीबीचे नियमही सैल केले. सुमारे अडीचशे किलोमीटरपलीकडे न बोलण्याची अट २०१७ मध्ये गेली, एफएम पद्धतीच्या प्रक्षेपणाला २०२१ मध्ये परवानगी मिळाली. चार वॅटची मर्यादा आणि शक्तिवर्धकांवरील बंदी मात्र कायम आहे, आणि २००० चा कायदाही.

एक तक्रारदार मात्र या सगळ्यातून सुटून राहिला. ज्याचा शेजारी चार वॅटचीच यंत्रणा वापरतो, वाहिनी सोडत नाही, शक्तिवर्धक जोडत नाही, त्याच्याही घरचा ध्वनिवर्धक किंवा दूरध्वनी बोलू शकतो. कारण दोष तेव्हा शेजाऱ्याच्या यंत्रात नसून ह्याच्या उपकरणात असतो. कारखानदाराने दोन रुपये वाचविण्यासाठी त्याला बाहेरच्या लहरींपासून आडोसा दिलेला नसतो. घरगुती उपकरणांनी किती व्यत्यय सोसला पाहिजे याचे मान ठरविण्याचा अधिकार आयोगाला त्याच १९८२ च्या दुरुस्तीने मिळाला होता; आयोगाने ते काम कारखानदारांच्या स्वेच्छेवर सोपविले. पोलीस अशा घरी येतो, शेजाऱ्याचे यंत्र पाहतो, नियमात आहे असा शेरा लिहितो आणि जातो. तारेला जोडायची एक लहानशी गाळणी आणली की बहुधा काम भागते. ती कोणाच्या पैशाने आणायची, यावर दोन्ही शेजारी अजून कुंपणाशी उभे आहेत.